सूर्यानंतर चंद्र

प्रगतिपुस्तकाचा छापील नमुना एकच असतो. नाव आणि गुण तेवढे बदलतात. वेबवरील बरीच पानेही अशीच तयार होतात. रिकाम्या जागा भरण्याचे काम एक प्रोग्रॅम करतो. तो लिहायला भाषा केवढी मोठी हवी?

ब्राझीलमध्ये १९७७ ते १९९२ या काळात परदेशी संगणक आणि सॉफ्टवेअर यांवर कडक निर्बंध होते. त्यामुळे रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठातील टेकग्राफ हा गट लागणारी साधने स्वतःच घडवत असे. पेट्रोब्रास या तेलकंपनीसाठी त्यांनी दोन लहान भाषा केल्या. एकीचे नाव सोल, म्हणजे सूर्य. त्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा १९९३ मध्ये येरुसालिम्स्की, फिगेरेदो आणि सेलेस यांनी दोन्हींच्या जागी एकच भाषा रचली. तिचे नाव लुआ, म्हणजे चंद्र. वापरणारे अभियंते व्यावसायिक प्रोग्रॅमर नव्हते, म्हणून भाषा सोपी ठेवली. माहितीची कोणतीही मांडणी करायला तिच्यात एकच साधन आहे: तक्ता.

पुढे १९९० च्या दशकातच विद्यापीठात सीजीआय-लुआ तयार झाले आणि ही भाषा वेबची पाने लिहू लागली. विकिपीडियाचे साचे गुंतागुंतीचे व संथ झाले होते. २०१३ मध्ये तिथेही लुआ आली. मराठी विकिपीडियावरील माहितीचौकटींमागेही आज तीच राबते.

टंचाईतून आपोआप काही निर्माण होते, असे आम्हांला म्हणायचे नाही. टेकग्राफने आधी वापरणाऱ्याकडे पाहिले, हे महत्त्वाचे. वर्गात संगणक शिकवताना आपण तिथून सुरुवात करतो का?