अंगणांतली शाळा

मूल शाळेंत रुळत नाहीं असें आपण म्हणतों, तेव्हां रुळण्याचें काम मुलाचेंच आहे, हें आपण न बोलतां ठरवून टाकलेलें असतें. छत्रपती संभाजीनगरांतील आमच्या गुलमंडीस हा हिशेब नवा नाहीं. निजामी राजवटींत घरीं मराठी बोलणाऱ्या मुलास वरच्या वर्गांत उर्दूंतून शिकावें लागे. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमहि उर्दूच होतें. १९४८ सालीं ती राजवट संपली. आतां त्याच गल्ल्यांतील तीन वर्षांच्या बालकापुढें इंग्रजी उभी असते.

हा हिशेब उलटा मांडण्याचें धैर्य ताराबाई मोडक यांनीं दाखविलें. डॉ. माँटेसोरींनीं १९०७ सालीं रोममध्यें गरिबांच्या वस्तींत बालगृह उघडलें होतें. त्यांच्या पद्धतीस गिजुभाई बधेका भावनगरांत देशी वळण देत होते. ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ सालीं दादरला शिशुविहार. रोमची शाळा गरिबांची. आपल्याकडे मात्र ती बव्हंशीं पांढरपेशांची झाली, हें मान्य केलें पाहिजे.

ताराबाईंना तें डांचत होतें. १९४५ सालीं त्यांनीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डीस बालशिक्षणकेंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. पण दलितांचीं व आदिवासींचीं मुलें केंद्राकडे फिरकेनात. तेव्हां केंद्रच वस्तींत गेलें आणि अंगणांत भरूं लागलें. ‘अंगणवाडी’ ती हीच. महागड्या साधनांच्या जागीं शंखशिंपले, बिया, पानें आलीं. आधीं मुलांना न्हाऊं घालावयाचें, मग गाणीं.

१९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें मुलें गुरें राखावयास जात, म्हणून शाळा कुरणांत नेली. थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळीत घरीं राही, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणली. मुलगी शाळेंत कां येत नाहीं याचें उत्तर तिच्या बुद्धींत न शोधतां तिच्या कडेवर शोधणें, याहून मोठा शोध आमच्या शिक्षणाच्या इतिहासांत आम्हांस तरी आढळत नाहीं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि अंगणवाडी हें नांव देशभर गेलें. गुलमंडींत आतां अंगणें फारशीं उरलीं नाहींत. तरी बालवर्गाच्या प्रवेशअर्जांत बापाचा व्यवसाय विचारणाऱ्या शाळा मुलाच्या घरची बोलीहि विचारतात काय, आणि विचारलीच तर पहिल्या दिवशीं त्या बोलींत त्याच्याशीं कोण बोलतें, हें एकदां पाहावयास हवें.