कपाशी, अळी आणि फवारा

गुलाबी बोंडअळी इथली जुनीच. 1842 मध्ये ती भारतातल्या कपाशीवर सापडली आणि पुढच्या वर्षी सॉन्डर्स या इंग्रज कीटकतज्ज्ञाने तिचे शास्त्रीय वर्णन केले. विषारी फवाऱ्याचा इतिहास मात्र अलीकडचा आहे.

1970 साली सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-4 हे संकरित वाण आले. खताला प्रतिसाद देणारी, दीर्घ मुदतीची ही कपाशी किडींनाही मानवली. 1980 च्या सुमारास सिंथेटिक पायरेथ्रॉइड बाजारात आले. मात्रा थोडी, अळ्या पटापट खाली, शेतकरी हरखले.

हे सुख फार टिकले नाही. 1987 मध्ये आंध्रच्या गुंटूर-प्रकाशम पट्ट्यात फवाऱ्यावर फवारे मारूनही हिरवी बोंडअळी मरेना. प्रयोगशाळांत कारण उलगडले: प्रत्येक फवाऱ्यातून विष पचवू शकणाऱ्या थोड्या अळ्या वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच निपजते. याच फवाऱ्याने ढालकिडे, क्रायसोपा, कोळी हे मित्रकीटकही मारले. त्यांचा धाक संपताच पांढरी माशी बोकाळली.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने 1990 च्या दशकात गावोगावच्या अळ्या आणून तपासल्या, तेव्हा पायरेथ्रॉइडला दाद न देणाऱ्या अळ्या मध्य आणि दक्षिण भारतात सर्रास आढळल्या. त्या काळी कापसाखालची जमीन देशाच्या पिकाखालील क्षेत्राच्या 5 टक्के होती, पण कीटकनाशकांचा जवळपास निम्मा वापर तिच्यावर व्हायचा.

2002 मध्ये बोंडअळीला मारक असे जिवाणूचे जनुक घातलेल्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि बोंडअळीचे फवारे घटले. भोवती साध्या कपाशीच्या पाच ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र ठेवण्याचा नियम होता, म्हणजे बीटीला न सरावलेल्या अळ्याही शिल्लक राहतील. पण त्या बियाण्याचे पाकीट बहुतेक बांधावरच पडून राहिले. त्यात फरदडीने, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात राखलेल्या कपाशीने, अळीला डिसेंबरनंतरही खाद्य पुरवले. 2010 पर्यंत गुजरातेत गुलाबी अळीने बीटीचे पहिले जनुक निकामी केले, पुढे दुसरेही.

तुडतुडे, फुलकिडे आणि बोंडअळीसाठी फवारे पुन्हा सुरू झाले. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळात कपाशी पुरुषभर वाढली होती. तोंडावर नीट मुखपट्टी नाही, दोन-तीन औषधे एकाच पंपात, आणि उंच पिकात फवारा थेट अंगावर. विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात गेली. सरकारने मोनोक्रोटोफॉससह पाच औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली.

आज गुलाबी बोंडअळीसाठी संशोधकांची शिफारस साधी आहे: कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग दिसले, किंवा तोडून पाहिलेल्या बोंडांपैकी 10 टक्के किडलेली निघाली, तरच फवारा. फरदड घेऊ नये आणि डिसेंबरअखेर शेत रिकामे करावे.