रसपरित्याग आणि मुखारोग्य : एक ऐतिहासिक मागोवा

जैन धर्माने आहाराचा जितका सूक्ष्म विचार केला, तितका अन्यत्र क्वचितच आढळतो. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या सहा बाह्य तपांपैकी अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान व रसपरित्याग ही पहिली चार तपे आहाराशीच निगडित आहेत. कर्मनिर्जरा हा त्यांचा हेतू. आरोग्यप्राप्ती हा नव्हे. तथापि या नियमांचा देहावर, विशेषतः मुखारोग्यावर कोणता परिणाम होतो, हे इतिहासाच्या प्रकाशात पाहणे उद्बोधक ठरेल.

आहार व आरोग्य यांचा विचार जैन आचार्यांनी स्वतंत्रपणेही केला होता. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात, उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा संस्कृत वैद्यकग्रंथ रचला. मद्य, मांस व मध वर्ज्य करूनही चिकित्सा करता येते, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. १९४० साली हा ग्रंथ हिंदी अनुवादासह सोलापुरातून प्रसिद्ध झाला, ही महाराष्ट्रातील जैन समाजास भूषणावह गोष्ट होय.

पाश्चात्त्य जगात आहार व हिरड्या यांचा संबंध खलाशांच्या हालअपेष्टांतून उमगला. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरील वैद्याने स्कर्व्हीने हिरड्या सडलेल्या बारा खलाशांवर निरनिराळे उपचार केले. संत्री व लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. ‘क’ जीवनसत्त्वाचा शोध मात्र विसाव्या शतकात लागला.

दातांच्या किडीचे कोडे त्यानंतर उलगडले. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी दाखविले की, साखर तोंडात जाताच काही मिनिटांत दातांवरील थर आम्लयुक्त होतो व पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागतो. त्याच सुमारास, १९४५ पासून, स्वीडनमधील विपेहोल्म येथील मतिमंदांच्या रुग्णालयात दीर्घ प्रयोग झाला. जेवणासोबत घेतलेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी दिल्या, तेव्हा ती झपाट्याने वाढली. निष्कर्ष मोलाचा होता. परंतु ज्यांना संमती देताही येत नव्हती, अशा असहाय जीवांचे दात त्यासाठी नासविले गेले. अहिंसेच्या उपासकांनी ही किंमत विसरता कामा नये.

या निष्कर्षाच्या कसोटीवर जैन आचार पाहिला असता त्याचे मोल ध्यानी येते. एकासन व बियासन यांनी खाण्याच्या वेळा आपोआप मर्यादित होतात. निद्रेत लाळ कमी स्रवते. त्यामुळे रात्री उशिरा खाल्लेले गोड दातांना अधिक बाधते. चौविहार पाळणाऱ्यास ते भय नाही. आयंबिलात तर गुळासह सर्व विगई वर्ज्य असतात. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अदंतधावन आहे, पण त्याच्याच जोडीला दिवसातून एकदाच आहार हाही मूलगुण आहे. दिवसभर चहा, बिस्किटे व पेढे घेणाऱ्या श्रावकास त्यांपैकी एकाचाच आधार घेता येणार नाही. त्याने सकाळी व रात्री दात स्वच्छ केलेच पाहिजेत.

शाकाहाराची एक मर्यादाही जाणून घ्यावी. १९४८ साली शोध लागलेले ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. त्याच्या अभावी जीभ लाल व गुळगुळीत होते, तोंड येते, हातापायांस मुंग्या येतात. दूध-दह्यातून ते काही प्रमाणात मिळते; उणीव असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. मधुमेह व हिरड्यांचे विकार हेही परस्परांना बळ देतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली, वरून घातलेल्या साखरेची ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, असे सुचविले. रसपरित्यागाचा संस्कार लाभलेल्या समाजास हे नवे नाही. प्रभावनेत वाटला जाणारा पेढा जेवणासोबत घ्यावा, त्यानंतर चूळ भरावी आणि मुलांच्या हाती सदासर्वदा गोळ्या-चॉकलेटे देऊ नयेत, एवढे पथ्य घराघरांत पाळले गेले, तरी पूर्वाचार्यांचा वारसा पुढील पिढीच्या मुखी निरोगी हास्याच्या रूपाने नांदेल.