खेळ बदलला, हिशोब तोच : मराठवाड्यातल्या जुगाराची गोष्ट

आजचा विषय जरा अवघड आहे. जुगाराबद्दल बोलायला कोणी उभं राहिलं की लोकांना वाटतं, आता उपदेश सुरू होणार. मला उपदेश करायचा नाही. मला इतिहासातून एकच प्रश्न विचारायचा आहे. पोकर खेळणारे एकमेकांना सल्ला देतात की, एकच प्रकार सारखा खेळू नका. कंटाळा येतो, डोकं तापतं, आणि गेलेले पैसे परत मिळवायच्या नादात माणूस आणखी हरतो. तेव्हा होल्डेम सोडून थोडे दिवस ओमाहा खेळा. खरंच खेळ बदलल्याने हे थांबतं का?

सुरुवात मराठीच्या आद्य गद्यापासून करू. 'लीळाचरित्र' तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलं. त्यात चक्रधर स्वामींच्या पूर्वायुष्याचा प्रसंग आहे. तेव्हा ते गुजरातेत भडोचला हरपाळदेव होते, प्रधानाचे पुत्र. द्यूतात हरले, देणं झालं. घरी येऊन पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले, तिने नकार दिला. पुढे मन उदास झालं आणि रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने त्यांनी घर सोडलं. महानुभाव परंपरा या साऱ्याकडे लीळा म्हणून पाहते, आणि ते तसंच पाहायला हवं. आपलं माहूर हे त्या परंपरेचं मोठं स्थान, म्हणून नांदेडकरांना ही गोष्ट परकी नाही. मला त्यात दिसतो तो एक तपशील : पैसा संपला की पुढची नजर घरातल्या बाईच्या दागिन्यांवर जाते. आठशे वर्षांत यात काही फरक पडला आहे का, ते तुम्हीच सांगा.

आता कायद्याकडे येऊ. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे फसली १३०५ चा, म्हणजे साधारण १८९५-९६ चा, जुगारविरोधी कायदा होता. याच कायद्याखाली सिकंदराबादच्या एका क्लबवर छापा पडला, तिथे रमी चालू होती, आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल लागला तोवर मराठवाडा महाराष्ट्रात येऊन काही वर्षं झाली होती. न्यायालय म्हणालं, तीन पानी म्हणजे निव्वळ नशीब. रमीत मात्र पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, हात जुळवावा लागतो, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ. पण त्याच निकालात एक वाक्य असंही होतं, की जागेचा मालक त्या खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. लोकांनी पहिला भाग पाठ केला, दुसरा विसरले. तेव्हापासून तीन पानी सोडून रमीवर येणं ही नुसती आवड राहिली नाही, ते एक कायदेशीर आडोसा झालं.

तिसरी गोष्ट मटक्याची. हिचा धागा कापसाचा आहे, आणि नांदेडला कापूस काय ते सांगायला नको; उस्मानशाही मिल आपल्याच गावातली. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव काय उघडला आणि काय बंद झाला, हे आकडे तारेने मुंबईत यायचे आणि त्यांवर पैसे लागायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. १९६१ च्या सुमारास ते बंद झालं. मग कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये आणि रतन खत्री यांनी १९६४ मध्ये आपापला मटका चालवला. कापूस गेला, आकडे राहिले. मटक्याच्या अड्ड्यावर छापा ही बातमी नांदेड-लातूरला आजही नवी नाही.

इथे जरा गणित करू, कारण आपल्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. एका आकड्यावर रुपया लावला तर रूढ दर नऊ रुपयांचा. आकडे दहा. म्हणजे दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर जातात आणि नव्वद येतात. बरं, एकेरी आकडा सोडला आणि जोडीवर गेलो. जोड्या शंभर, दर नव्वद. शंभर जोड्यांवर एकेक रुपया लावला, तर शंभर गेले, नव्वद आले! खेळणाऱ्याला वाटतं, आपण खेळ बदलला. बुकीच्या वहीत मात्र शेकडा दहा जिथल्या तिथे असतात. पोकरमध्ये समोर दुसरा खेळाडू असतो आणि कौशल्य लागतं, हे मान्य. पण क्लब किंवा कंपनी आपला वाटा तिथेही कापतेच, खेळ कोणताही असो.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. कंटाळा खेळ बदलल्याने जातो. तोट्याचं तसं नाही. तो खेळाडूबरोबर नव्या टेबलावर येऊन बसतो. १९७७ मध्ये अमेरिकेत हेन्री लेसियर यांनी जुगाऱ्यांवर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'द चेस', म्हणजे पाठलाग. आज मानसोपचारतज्ज्ञ जुगाराच्या विकाराची जी लक्षणं पाहतात, त्यांत गेलेल्या पैशांचा पाठलाग हे एक आहे.

मग पूर्वी माणूस थांबायचा कशाने? स्वतःच्या निग्रहाने फार थोडे. बाकीचे बाहेरच्या गोष्टींमुळे थांबायचे. खिशातले पैसे संपायचे, पारावरचा म्हातारा हटकायचा, मटका 'क्लोज' झाला की उद्यापर्यंत वाट पाहावी लागायची. कमळाइसेचा नकार हाही असाच एक बांध होता. फोनने हे सगळे बांध एकदम फोडले. तिथे क्लोज नाही, पारावरचं कोणी बघत नाही, आणि एका बोटाने रमीवरून पोकरवर, पोकरवरून क्रिकेटवर जाता येतं. खेळ बदलणं इतकं सोपं कधीच नव्हतं.

जुलै २०२५ आठवा. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा सभागृहातला मोबाइलचा व्हिडिओ गाजला. आपण रमी खेळत नव्हतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पण २० जुलैला आपल्या लातुरात छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी सुनील तटकरे यांच्यासमोर पत्ते टाकले आणि नंतर त्या कार्यकर्त्यांना मारहाण झाली. शेतकऱ्याच्या घरात पत्ता हा शब्द किती झोंबतो, ते त्या दिवशी दिसलं. पुढच्याच महिन्यात संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्य की नशीब, हा जुना वाद त्याने बाजूला ठेवला. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. हा फरक महत्त्वाचा, कारण ज्याला मदत हवी त्याला लपावं लागू नये.

तेव्हा कोणी म्हणालं, 'रमी सोडली, आता दुसरं खेळतो,' तर त्याला रागावू नका. एवढंच विचारा : गेलेले पैसे अजून मोजतोस का? उत्तर 'हो' असेल तर त्याचा खेळ बदललेला नाही. त्याच्याजवळ बसा, घरच्यांना विश्वासात घ्या, आणि टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक लावून द्या. तुटलेला बांध एकट्याने घालता येत नाही, हे शेती करणाऱ्या माणसांना मी वेगळं सांगायला नको.