वेर्ण्याचा बिशप आणि न्यू जर्सीतलं लग्न

इंजिनिअरिंग कॉलेजातला माझा एक मित्र फोंड्याचा आहे. त्याची मुलगी न्यू जर्सीत असते. तिचं लग्न तिथल्याच एका कॅथलिक घरातल्या मुलाशी ठरलं. मुलगा घटस्फोटित. पहिलं लग्न मुळातच अवैध होतं असा निवाडा चर्चच्या न्यायासनाकडून आणल्याशिवाय दुसरं लागणार नाही, असं त्यांच्या चर्चच्या पाद्रींनी सांगितलं. मुलाला तो निवाडा मागायचाच नव्हता. संसार मोडला हे खरं, पण तो झालाच नव्हता असं लिहून देणं त्याला खोटेपणाचं वाटत होतं.

मग दोघांनी एक ‘स्वतंत्र कॅथलिक’ पाद्री गाठले. अमेरिकेत असे पाद्री बरेच आहेत. ते पोपच्या अधिकाराखाली नसतात, विधी मात्र कॅथलिक वळणाचे करतात. घटस्फोटितांची आणि वेगळ्या धर्मांतली लग्नंही लावतात. या पाद्रींनी तर सांगितलं, की लग्न बागेत करा, वचनं तुमच्या शब्दांत लिहून आणा, मंगळसूत्रही बांधा. मुलगी खूश. मित्राने मात्र मला फोन करून विचारलं, ‘‘हा पाद्री खरा, की नुसताच झगा घातलेला?’’ सोबत पाद्रींनी पाठवलेलं एक पान होतं, त्यांच्या दीक्षेच्या वंशावळीचं. कोणत्या बिशपने कोणाला अभिषेक केला, त्याने पुढे कोणाला केला, अशी उतरंड. त्यात १८९२ सालापाशी एक नाव होतं : अल्वारिस, गोवा.

हे नाव आपल्या मंडळातल्या जुन्या सभासदांना नवीन नाही. आंतोनियो फ्रान्सिस्को शावियेर अल्वारिस यांचा जन्म २९ एप्रिल १८३६ रोजी साष्टीतल्या वेर्णा गावी झाला. ते रोमन कॅथलिक पाद्री झाले आणि गोव्याच्या आर्चबिशपच्या वतीने ब्रिटिश हद्दीतल्या कॅथलिकांत काम करू लागले. तो काळ पाद्रोआदोच्या भांडणाचा. पूर्वेकडच्या चर्चवर बिशप नेमण्याचा हक्क पोपने पूर्वीच पोर्तुगालच्या राजाला दिला होता, तो म्हणजे पाद्रोआदो. पुढे रोमने ‘प्रोपगांडा’ या आपल्या खात्यामार्फत स्वतःची माणसं नेमायला सुरुवात केली. मुंबईत तर एकाच शहरात दोन अधिकार नांदत होते. काही इगर्जी गोव्याच्या, काही रोमने नेमलेल्यांच्या. हा दुहेरी कारभार तिथे १९२८पर्यंत चालला.

१८८६मध्ये पोप आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या बऱ्याच जागा पाद्रोआदोच्या हातून गेल्या. अल्वारिस आणि डॉ. लिस्बोआ पिंतो यांनी त्याविरुद्ध चळवळ केली, अर्ज-विनंत्या केल्या. उपयोग झाला नाही. शेवटी अल्वारिस रोमपासून फुटले आणि केरळच्या सिरियन ऑर्थोडॉक्स मंडळींकडे गेले. २९ जुलै १८८९ रोजी कोट्टायमला त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. मार युलियस हे नाव मिळालं. गोवा, सिलोन आणि मलबार सोडून उरलेला हिंदुस्थान एवढा मुलूख त्यांच्याकडे आला, निदान कागदावर तरी.

आता अमेरिकेचा धागा. जोझेफ रेने विलात हा पॅरिसमध्ये जन्मलेला माणूस विस्कॉन्सिनमधल्या बेल्जियन वसाहतकऱ्यांत पाद्री म्हणून काम करत होता. त्याला बिशप व्हायचं होतं, पण युरोपातले ओल्ड कॅथलिक त्याला अभिषेक देईनात. तो थेट कोलंबोला आला आणि २९ मे १८९२ रोजी अल्वारिस यांनी त्याला बिशप केलं. परत जाऊन विलातने अनेकांना दीक्षा दिली. १९२१मध्ये शिकागोत जॉर्ज अलेक्झांडर मॅकग्वायर यांना त्यानेच अभिषेक केला आणि त्यातून कृष्णवर्णीयांचं आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्च उभं राहिलं. स्वतः विलात म्हातारपणी, १९२५मध्ये, रोमकडे परत गेला. पण त्याची परंपरा फुटत, वाटत, पसरत राहिली. अँटिऑकच्या सिरियन पॅट्रिआर्कनी १९३८मध्ये या शाखेशी आपला संबंध नाही असं जाहीर केलं, तरी ती थांबली नाही. आजच्या अनेक स्वतंत्र कॅथलिक पाद्रींच्या वंशावळीत म्हणूनच आमच्या वेर्ण्याचा माणूस सापडतो.

मित्राला एवढं सांगितल्यावर तो म्हणाला, ‘‘म्हणजे खरा.’’ इथेच खरी मेख आहे.

मी आयुष्यभर विजेच्या कामात होतो. लाइनीत करंट असणं वेगळं आणि जोडणीला खात्याची मंजुरी असणं वेगळं. दीक्षेची वंशावळ दाखवते ती करंटची बाजू. हा माणूस विधिपूर्वक पाद्री झाला की नाही, त्याची मिस्सा खरी की नाही, याला तिचा उपयोग. लग्नाला तो नाही, कारण लॅटिन कॅथलिक शिकवणीप्रमाणे लग्न पाद्री लावतच नाही, वधू आणि वर एकमेकांना लावतात. पाद्री चर्चचा साक्षीदार म्हणून उभा असतो. पूर्वी दोघांनी गुपचूप दिलेल्या शब्दावरही लग्न होई आणि मग एकजण नाकबूल होई. ते बंद करायला १५६३मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने नियम केला, की तिथला विगार किंवा त्याने परवानगी दिलेला पाद्री आणि दोन साक्षीदार हजर असल्याशिवाय लग्न ग्राह्य नाही. १९०८च्या ईस्टरपासून थोड्या अपवादांखेरीज तो जगभर सारखा लागू झाला. म्हणजे इथे प्रश्न अधिकारक्षेत्राचा. पाद्रोआदोच्या भांडणातही तोच होता. गोव्याच्या पाद्रींची दीक्षा खोटी असं कोणी म्हणत नव्हतं, या मुलखात तुम्हाला अधिकार आहे का, एवढंच विचारलं जात होतं. वाद असलेल्या गावात असा पाद्री लग्नाला उभा राहिला, की ते लग्न खरं की नाही ही शंका बिचाऱ्या जोडप्याच्या मागे लागे.

तेव्हा मित्राला मी दोन उत्तरं दिली. पाद्री नुसता झग्यातला नाही, त्याच्यामागे परंपरा आहे. पण रोमच्या दप्तरी हे लग्न लागलेलं नसेल. मुलाची आजी रोज मिस्सेला जाणारी आहे म्हणे. तिला हे लग्नाआधी सांगा, नंतर कोणा शेजारणीकडून कळायला नको.

बाकी आखणी म्हणाल तर सोपी. अमेरिकेत सरकारला पाद्री कोणत्या बिशपचा याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, परवाना महत्त्वाचा. न्यू जर्सीत अर्ज केल्यावर परवाना मिळायला ७२ तास थांबावं लागतं, तेव्हा शुक्रवारी विमानातून उतरून शनिवारी लग्न असं जमत नाही. पाद्रींना विचारायचे प्रश्न मी लिहून दिले. तुमचे बिशप कोण? लग्नाची नोंदवही कोणाकडे राहते? उद्या तुम्ही नसलात तर दाखला कोण देईल? ही चर्चं लहान असतात, कधी एकाच माणसाच्या दिवाणखान्यात चालतात. सरकारी दाखल्याच्या चार प्रती जास्त काढून ठेवाव्यात हे बरं.

वचनं स्वतः लिहिण्याबद्दल माझं मत जरा जुनं आहे. रोमन विधीत संमतीचे शब्द ठरलेले असतात, पदरचे चालत नाहीत. स्वतंत्र पाद्री मोकळीक देतात, ती घ्यावी, पण ‘मी तुला पती म्हणून स्वीकारते’ हे एक वाक्य सरळ, साध्या शब्दांत असावंच. पुढची कविता हवी तेवढी. अंतरपाट आणि मंगलाष्टका पाद्रींच्या विधीत कालवू नयेत असंही मी सांगितलं. आधी एक, मग जेवणापूर्वी दुसरं. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना आपापलं लग्न ओळखू येतं.

मुलीची पहिली इच्छा वेगळीच होती. पाद्रींनाच गोव्यात आणून समुद्रकाठी लग्न करायचं. इथे मात्र कायदा आडवा येतो, आणि तो अल्वारिस यांनाही आडवा आला असता. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेत कॅथलिकांनी चर्चच्या रीतीने आणि इतरांनी सरकारी अधिकाऱ्यापुढे लग्न करावं अशी वाटणी होती. रोमपासून फुटलेल्या बिशपला त्यात जागा कुठे? याउलट ब्रिटिश हद्दीत १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने बिशपकडून दीक्षा मिळालेल्या कोणालाही आपल्या चर्चच्या रीतीने लग्न लावायची मुभा होती. तेव्हा माझ्या वाचनाप्रमाणे मार युलियस यांच्या पाद्रींनी उडुपीजवळ ब्रह्मावरला लावलेलं लग्न कायद्याने उभं राहू शकत होतं, आणि तेच पणजीत पडलं असतं. ब्रह्मावरला त्यांची मंडळी टिकली. गोव्यात ती रुजली नाही. याला इतर कारणं आहेतच, पण पोराबाळांची लग्नं कुठे लावायची हा प्रश्न कुटुंबवत्सल माणसाला धर्मशास्त्रापेक्षा जवळचा असतो असं मला वाटतं.

पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर १९१०च्या कायद्याने सगळ्यांनाच सरकारी नोंदणी लागली. १९४०मध्ये पोप आणि पोर्तुगाल यांच्यात पुन्हा करार झाला, आणि त्यानुसार १९४६च्या हुकमाने कॅथलिक चर्चमधल्या लग्नाला गोव्यात कायद्याचं बळ परत मिळालं. ही सवलत रोमन चर्चपुरती. १९६१नंतरही ही चौकट इथे कायम आहे. म्हणजे स्वतंत्र पाद्रींनी मिरामारला कितीही सुंदर विधी केला, तरी कायद्याच्या नजरेत ती मेजवानीच. जोडप्याला सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी एक सही करायची, हरकतींसाठी नोटीस लागते, मग दुसरी सही. आणि गोव्यात लग्नाने मालमत्ता दोघांची समाईक होते. ती तशी नको असेल तर करार लग्नापूर्वीच करावा लागतो, नंतर बदलता येत नाही. आपल्या मनासारखं लग्न करायचं म्हणून वचनांच्या चार-चार प्रती लिहिणारी मुलं या कागदाचं नावही काढत नाहीत.

अल्वारिस सिलोनहून गोव्यात परतले. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना अटक करून बिशपचा वेष उतरवायला लावला. ते मात्र राहिले इथेच. कॉलऱ्यावरच्या उपचारांची पुस्तिका काढली, पणजीत गरिबांसाठी आणि महारोग्यांसाठी आश्रम चालवला. २३ सप्टेंबर १९२३ रोजी रायबंदरच्या इस्पितळात ते वारले. सांत इनेजच्या दफनभूमीत त्यांना धार्मिक विधीविना पुरलं. पुढे त्यांचे अवशेष रायबंदरच्या सेंट मेरी ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नेण्यात आले. पणजीहून जुन्या गोव्याकडे जाताना ते वाटेतच लागतं.