फडावरचा फोटो

आज आपण फोटोंबद्दल बोलणार आहोत. लग्नातले किंवा सत्काराचे फोटो नाहीत. तमाशाच्या फडावर, गोंधळात, वरातीच्या बँडमध्ये जी माणसं गातात-वाजवतात, त्यांचे कार्यक्रम चालू असताना काढलेले फोटो. असे फोटो किती आहेत, कुणी काढले आणि कुणाचे निघालेच नाहीत, हे आम्ही गेले वर्षभर शोधतोय. त्याला कारण झाल्या आमच्या एका गटातल्या अक्का.

अक्का तरुणपणी अठरा वर्षं फडात होत्या. आधी नाचायच्या, मग गाण्याला मागे उभ्या राहून साथ द्यायच्या. आता गुडघे गेलेत. ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधनाची योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची. तिच्यासाठी वयाची पन्नाशी ओलांडलेली हवी आणि कलेत वर्षं घालवली याचे पुरावे हवेत. आम्ही अर्ज भरायला बसलो. पुरावे म्हणजे काय, तर कार्यक्रमाचे फोटो, जाहिरातीची पत्रकं, वर्तमानपत्रातली कात्रणं. अक्कांकडे यातलं काहीच नव्हतं. एकच फोटो निघाला, बाजारच्या गावी स्टुडिओत काढलेला. मागे बागेचा रंगवलेला पडदा, शेजारी प्लास्टिकची फुलं, आणि अक्का नऊवारीत ताठ उभ्या. खिडकीतले साहेब म्हणाले, "यात तमाशा कुठं दिसतोय?"

बरोबर आहे, यात तमाशा दिसत नाही. पण तो का दिसत नाही, याचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे.

फोटो काढायची कला १८३९ साली फ्रान्समध्ये जाहीर झाली आणि थोड्याच वर्षांत आपल्याकडे पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफी करणाऱ्यांची संस्थाही निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ नारायण दाजी हे आपले लोक त्या संस्थेत होते. पण तेव्हाचं काम मोठं किचकट. काचेवर औषध लावायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि समोरच्या माणसाने काही सेकंद अजिबात हलायचं नाही. आता सांगा, न हलता ढोलकी कशी वाजवणार? नाचणारीने हात उचलला की फोटोत हाताच्या जागी धुकं. म्हणून त्या काळातले वाजवणारे-नाचणारे फोटोत नुसते बसलेले किंवा उभे दिसतात. वाद्य मांडीवर, नजर समोर. गाण्याचा फोटो म्हणून आपण जे बघतो, त्यात गाणं चालू नसायचंच.

आणि खाली नाव नसायचं. विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरने १८६३ ते १८६६ या काळात मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या फोटोंची पुस्तकं काढली. त्यात माणसांचे फोटो वेगळे काढलेले आणि मागचा देखावा दुसऱ्याच फोटोतला आणून जोडलेला. पुढे इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ मध्ये हिंदुस्थानातल्या लोकांच्या फोटोंचे आठ खंड छापले. या पुस्तकांना माणूस नको होता, नमुना हवा होता. ही अमक्या जातीची, तो तमक्या धंद्याचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोटोंची पोस्टकार्डं विकायला लागली तेव्हा गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांच्या फोटोखाली 'नॉच गर्ल' एवढंच छापलेलं असायचं. म्हणजे नाचणारी पोरगी. तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव विचारायची कुणाला गरजच वाटली नाही.

याच काळातली दुसरी गोष्ट ऐका. राजा दीनदयाळ हे निजामाच्या दरबारी नामांकित फोटोग्राफर होते. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत खास बायकांसाठी स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढायला बाईच, आत पुरुषाला मज्जाव. घरंदाज बायकांचा फोटो परपुरुषाने बघू नये म्हणून एवढी व्यवस्था. आणि गाणाऱ्या बाईचा फोटो दुकानात पैशा-आण्याला विकायला! आम्ही हे वाचलं तेव्हा गटातल्या बायका बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एक जण म्हणाली, "अजून तेच चाललंय की."

तमाशाकडे येऊ. पूर्वी तमाशात बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा. पठ्ठे बापूरावांच्या काळात पवळाबाई हिवरगावकरांसारख्या बायका फडावर उभ्या राहिल्या आणि चित्र बदललं. पण तमाशा रात्रीचा. आधी टेंभे, पलिते, नंतर गॅसबत्ती. त्या उजेडात आपल्याला दिसतं, कारण आपला डोळा हुशार आहे. जुन्या कॅमेऱ्याला तेवढ्या उजेडात पळत्या पायाचा फोटो काढता यायचा नाही. फ्लॅशचे बल्ब आले ते साधारण १९३० च्या सुमाराला, आणि एक बल्ब एकदाच पेटायचा. एक फोटो, एक बल्ब, संपला. गावच्या यात्रेत एवढा खर्च कोण करणार? फडमालक फोटो काढून घ्यायचे ते जाहिरातीसाठी, दिवसाउजेडी, कलाकारांना नटवून, रांगेत उभं करून. मालकाचं नाव मोठं, मुख्य नायिकेचं त्याखालोखाल. मागे झील धरणारीचं नाव कुठून येणार?

आजही पाडव्याच्या सुमाराला नारायणगावला गेलात तर फडांच्या राहुट्या लागलेल्या दिसतात. गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला तिथे येतात. राहुटीपुढच्या फलकावर कलाकारांचे फोटो असतात. आम्ही मुद्दाम जाऊन बघून आलो. चेहरे सुंदर, पण सगळे स्टुडिओतले.

त्याच नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांची गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, मध्येच कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं. २००२ साली त्या वारल्या, आणि शेवटची वर्षं पैशाच्या ओढाताणीत गेली. ती बाळंतपणाची गोष्ट आपल्यापर्यंत फोटोतून आलेली नाही, तोंडातोंडी आली. आमच्यातल्या एकीला वाटतं, तसा फोटो नाही तेच बरं. आम्हालाही तसंच वाटतं. सगळं कॅमेऱ्यात यावं असं काही नाही.

फडाचं खरं जगणं फोटोत आलं ते अलीकडे. संदेश भंडारे या फोटोग्राफरने फडांबरोबर फिरून फोटो काढले. त्यांचं 'तमाशा – एक रांगडी गंमत' हे पुस्तक आहे. एका रात्रीत येऊन चार फोटो काढून निघून जाणं वेगळं आणि फडाबरोबर राहणं वेगळं.

बायकांनी कॅमेरा धरल्याची गोष्टही सांगायला हवी. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३, नवसारीचा, शिकल्या मुंबईच्या जे. जे. कला शाळेत. सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो छापून यायचे नवऱ्याच्या नावाने. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. म्हणजे फोटोतल्या बाईचं नाव नाही, तसं फोटो काढणाऱ्या बाईचंही नाही.

आता आपल्या घरातलं बघू. तुमच्या किंवा आईच्या लग्नाचा अल्बम काढा. छत्तीस फोटोंचा एक रोल, त्यात अख्खं लग्न बसवायचं. फोटोग्राफर बँडवाल्यावर फोटो कशाला वाया घालवील? पण नवरदेवाच्या घोड्यामागे बघा. अर्धा कापलेला पितळी कर्णा दिसेल, लाल कोटाची बाही दिसेल, हलगीची कड दिसेल. आणि वरातीच्या दोन्ही बाजूंना डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणाऱ्या बायका. ज्या उजेडात नवरदेवाचा चेहरा दिसला तो त्यांच्या डोक्यावर होता, आणि त्यांचा स्वतःचा चेहरा बहुतेक वेळा कडेला कापला गेलाय. आम्ही तीन गावांत मिळून एकेचाळीस अल्बम बघितले. वाजवणाऱ्याचा पूर्ण चेहरा असलेले फोटो निघाले सहा.

अक्कांचा फोटोही असाच सापडला. पण त्याआधी खरं काय ते त्यांनी सांगितलं. फोटो नव्हतेच असं नाही. पेटीत बारा-पंधरा होते. थोरल्या लेकीची सोयरीक जमत होती, पाहुणे घरी यायचे होते. आदल्या रात्री अक्कांनी स्वतः ते चुलीत घातले. "कुणी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या, "मीच घातले. लेकीचं भलं व्हावं म्हणून." लेकीचं भलं झालं. आता तेच फोटो सरकार मागतंय.

पुढे शेजारच्या तालुक्यातल्या एका गावी, यात्रा कमिटीच्या जुन्या कार्यकर्त्याच्या घरी एक फोटो मिळाला. पुढे पाटील नारळ देताहेत, मागे फड उभा आहे, आणि उजवीकडून तिसऱ्या अक्का. हातात झांज आहे. फोटोच्या पाठीवर गावाचं नाव आणि साल लिहिलेलं होतं. त्या लिहिणाऱ्याचे आम्ही फार आभारी आहोत. अर्ज आता समितीपुढे आहे, निकाल अजून आलेला नाही.

तेव्हापासून आमच्या गटांनी ठरवलंय की यात्रेत, जागरणात, गोंधळात आपण आपल्या मोबाइलवर फोटो काढायचे. पहिल्या खेपेला आमची फजितीच झाली. दोनशे फोटो काढले, निम्म्यात पुढच्या माणसाचा फेटा. उरलेल्यात फ्लॅशने ढोलकीवाल्याचे डोळे मिटलेले, आणि तो नंतर आमच्यावर चांगलाच तापला. आता आम्ही फ्लॅश बंद ठेवतो आणि समोर न बसता बाजूला उभ्या राहतो. तिथून वाजवणाऱ्याचे हात दिसतात. हलगीवाला कार्यक्रमाआधी जाळावर हलगी तापवतो, तेव्हा तो निवांत असतो, बोलतो, नाव-गाव सांगतो. तो फोटो तर काढायचाच.

विचारल्याशिवाय मात्र काढायचा नाही. लावणी करणाऱ्या बाईचा तुकडा मोबाइलवर काढून घाणेरडं नाव देऊन पाठवणारे आपल्याच गावात आहेत. राहुटीत कपडे बदलताना चोरून फोटो घेणं हा २०१३ पासून कायद्याने स्पष्ट गुन्हा आहे, हे आपल्या पोरांच्या कानावर घाला. कुणी नको म्हणाली तर मोबाइल खाली. अक्कांसारखी आणखी एखादी असेल, जिच्या घरी अजून सोयरीक जमायची आहे.

फोटो काढला की वहीत लिहायचं: तारीख, गाव, फडाचं किंवा बँडचं नाव, प्रत्येकाचं पूर्ण नाव, कोणतं वाद्य. मागे उभ्या असलेल्यांचंही. एक प्रत छापून त्यांना द्यायची. मोबाइल पडतो, बिघडतो, म्हणून कागदावर हवीच. छपाईचा खर्च गटाच्या किरकोळ खात्यातून होतो.

तुमच्या घरी जुनी हँडबिलं, यात्रेच्या पत्रिका, सत्काराचे फोटो असतील तर येत्या बैठकीला घेऊन या. आम्ही तिथेच मोबाइलवर त्यांचा फोटो घेऊ आणि मूळ कागद तुमचा तुम्हाला लगेच परत देऊ. पाठीवर काही लिहिलेलं असेल तर तीही बाजू दाखवा.