राजगड

राजगड : महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील इतिहासप्रसिद्ध डोंगरी किल्ला, छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्वराज्याची पहिली राजधानी. पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारे ५० किमी.वर, वेल्हे भागात, मुरुंबदेवाच्या डोंगरावर तो वसला आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,४०० मी. मधोमध उंच बालेकिल्ला आणि त्यापासून तीन दिशांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या, अशी त्याची रचना. प्रत्येक माचीला स्वतंत्र तटबंदी असल्याने एक माची पडली तरी गड पडत नसे.

इतिहास : मुरुंबदेवाचे ठाणे जुने असले, तरी गडाला आजचे रूप शिवकाळात आले. तोरण्यावर सापडलेल्या द्रव्यातून हे बांधकाम झाले, असे परंपरा सांगते. पुढे सुमारे पाव शतक स्वराज्याचा कारभार येथून चालला. महाराणी सईबाईंचे निधन १६५९ मध्ये येथेच झाले. १६६५च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले; महाराजांकडे उरलेल्या १२ किल्ल्यांत राजगड होता. आग्र्याहून सुटका झाल्यावर १६६६ मध्ये महाराज इथेच परतले. राजाराम महाराजांचा जन्म २४ फेब्रुवारी १६७० रोजी याच गडावर झाला. त्यानंतर राजधानी रायगडावर गेली. १७०४ मध्ये औरंगजेबाने राजगड जिंकून त्याचे नाव नबीशाहगड ठेवले. १७०७ मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला. पेशवाईत तो भोरच्या पंतसचिवांकडे होता.

वाटा : गडावर जाण्याच्या रुळलेल्या वाटा दोन. वाजेघर-पालीकडून येणारी वाट हा जुना राजमार्ग. पायऱ्यांची ही रुंद वाट पाली दरवाज्यातून गडात शिरते. एकामागे एक असे दोन दरवाजे आणि पहारेकऱ्यांच्या देवड्या अजून उभ्या आहेत. गुंजवणे गावातून येणारी वाट अंगावरच्या चढाची आहे. शेवटी कातळाला बिलगत ती चोर दरवाज्याशी पोचते आणि वाकून आत शिरताच समोर पद्मावती तलाव दिसतो. याखेरीज संजीवनी माचीजवळच्या अळू दरवाज्यातून तोरण्याकडे जाता येते. राजगड-तोरणा ही डोंगरधारेवरची चाल गिर्यारोहकांच्या आवडीची आहे.

पाहण्यासारखे : पद्मावती माची सर्वांत ऐसपैस, राबत्याची वस्ती येथेच होती. पद्मावतीचे मंदिर, सईबाईंची समाधी, रामेश्वर मंदिर, सदर व दारूकोठार येथे आहेत. राजवाड्याची मात्र जोतीच उरली आहेत.

बालेकिल्ल्याचा चढ छातीवरचा आहे. कातळातल्या खोबणींना धरून वर गेले की महादरवाजा लागतो. त्यावर कमळ व स्वस्तिक ही शुभचिन्हे कोरलेली आहेत. माथ्यावर चंद्रतळे, ब्रह्मर्षीचे मंदिर आणि वाड्यांचे अवशेष आहेत. स्वच्छ हवेत येथून तोरणा, सिंहगड, पुरंदर, रायगड, लिंगाणा दिसतात. तानाजी मालुसऱ्यांनी ४ फेब्रुवारी १६७० रोजी सिंहगड घेतला, तेव्हा तिथे पेटवलेल्या जाळाची खूण राजगडावर दिसली, असे बखरीत आहे. इथे उभे राहिल्यावर ते सहज पटते.

सुवेळा माचीवर भिंतीसारख्या उभ्या कातळात आरपार नैसर्गिक भोक आहे. त्याला नेढे म्हणतात. त्यात बसले की भर उन्हातही गार वारा लागतो. या भागात मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून येथे आरडाओरड व धूर टाळावा.

संजीवनी माची हे दुर्गबांधणीतले उत्तम काम आहे. सुमारे अडीच किमी. लांबीची ही माची तीन टप्प्यांत उतरत जाते. तिचे बुरूज चिलखती आहेत, म्हणजे आतल्या बुरजाबाहेर तेवढाच भक्कम दुसरा तट आहे. दोहोंमध्ये एक माणूस जेमतेम मावेल एवढी खोल, अरुंद वाट सोडलेली आहे. आतल्या बाजूने अंधाऱ्या, चिंचोळ्या पायऱ्या उतरून त्या वाटेवर जाता येते. बाहेरचा तट फोडून शत्रू आत आलाच, तर तो या घळीत अडके आणि वरून त्याच्यावर मारा होई.

भेटीचा काळ : ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पावसाळ्यात कातळ शेवाळतो आणि धुक्यात तटाची कड दिसत नाही. तिन्ही माच्या व बालेकिल्ला नीट पाहायला पुरता दिवस हवा.

महत्त्व व जतन : जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने युनेस्कोने १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले, त्यांत राजगड आहे. या गडावर वाडे पडले, पण तट, दरवाजे आणि पाण्याची टाकी टिकून आहेत. राज्य करणाऱ्याने मेहनत कशावर खर्ची घातली, ते या अवशेषांतून कळते. ढासळलेल्या तटाचा घडीव दगड बहुधा तिथेच पायथ्याशी पडलेला असतो आणि दुरुस्तीत तोच पुन्हा जागेवर बसवता येतो. गंमत म्हणून दरीत लोटलेला दगड मात्र कायमचा जातो. म्हणून गड पाहणाऱ्याने कोणताही दगड जागचा हलवू नये.